डोंगरपेठेतली चौकशी

"भाऊ, इथी मिथुन दुर्गे कुठी राह्यते?"

पायरीवर बसलेला तो तरुण तुटलेल्या चपलेच्या पट्ट्यात सेफ्टी पिन अडकवत होता. त्याने मान वर केली, जाड चष्मा नाकावर सरकवला आणि रिनाकडे पाहतच राहिला.

"कोनता मिथुन? आयटीआयमंदी शिकवते तो?"

"हो, तोच. पोट्टा कसा हाये?"

पिन सरळ बोटात घुसली.

"सोयरिकीचं हाये का?" त्याने बोट चोखत विचारलं.

"तसंच समजा. पन कोनाले सांगू नका."

"मी कायले सांगू? पोट्टा तसा वाईट नाई. भात करपवते. अन् घोरते लय."

"घोरते ते तुमाले कसं माहीत?"

"पुऱ्या सिढीले माहीत हाये, बाई!"

रिना खुदकन हसली... आणि आपण हसलो कशा, याचंच तिला नवल वाटलं. चौकशीला आलेल्या माणसाने हसायचं नसतं. चक्कीवर विचारायचं, टपरीवर विचारायचं, चेहरा कोरा ठेवायचा आणि ज्याची चौकशी त्याच्यापासून चार हात लांब राहायचं. काकांनी बसमध्ये बसवताना हे दोनदा बजावलं होतं.

रिनाचे आईवडील लहानपणीच गेले. सिंदेवाहीला काकांच्या घरी ती आणि काकांची मयुरी एका ताटात जेवून वाढल्या. आता मयुरीला हे डोंगरपेठचं स्थळ आलं होतं. मुलगा नोकरीवाला, घरात तो आणि आई, नाव ठेवायला जागा नाही. नाव ठेवायचं ते गावालाच! गोंडपिपरीच्या पुढे, डोंगराला बिलगून बसलेलं हे शहर. रस्ता फक्त पायथ्याशी, पुढे सगळ्या पायऱ्याच. तिथले लोक त्यांना सिढी म्हणतात, आणि दुर्ग्यांचं घर सगळ्यांत वरच्या सिढीवर. आजवर आलेले मुलीकडचे लोक अर्ध्यात बसले, घाम पुसला आणि 'कळवतो' म्हणून उतरले ते उतरलेच. काकांचे गुडघे आधीच कुरकुरणारे. म्हणून आधी रिना. तिने घर पाहावं, मुलगा ऐकावा, आणि जमण्यासारखं असेल तरच रविवारी सगळ्यांनी चढावं.

मुलाचा फोटो आला होता, पण तो कॉलेजातला, काडीपैलवान, बिनचष्म्याचा. मुलीचा फोटो मात्र गेलाच नव्हता. घर पाहिल्याशिवाय पोरीचा फोटो द्यायचा नाही, हा काकांचा बाणा.

"चाला, दाखवतो घर," तरुण उठला. "एक जवळची सिढी हाये, अन् एक चांगली सिढी हाये."

"चौकशीले कोनती बरी?"

"चांगली. जवळच्या सिढीनं काई समजत नाई."

आणि रिना निघाली की हो त्याच्यामागे! ओळख ना पाळख. असं ती सिंदेवाहीत कधी करती ना.

आधी लागली बाजारसिढी. इथे बाजार आडवा नाही, उभा भरतो. खालच्या पायरीवर वांगी, त्याच्यावर मिरच्या, त्याच्यावर सुकट. बायका खालून चढत चढत पिशवी भरतात आणि घरी पोचतात त्या भाजी निवडायलाच बसतात. मग आली नवरीसिढी, इतकी उभी की रिनाचे डोळेच पांढरे झाले.

"हिले नवरीसिढी काऊन म्हनते?"

"नवी नवरी माहेरच्या आठवनीनं रडत येते. अन् इथून चढली का रडाले दमच उरत नाई!"

ती पुन्हा हसली. त्या सिढीवर तो तिच्यामागून, एक पायरी खाली राहून चालला. तिचा पाय घसरलाच तर कोणी असावं म्हणून... तिच्या ते लक्षात आलं, आणि लक्षात आलंय हे त्याला कळू नये म्हणून ती उगाच भराभर चढली.

तिसऱ्या सिढीच्या मधोमध मोहाचं जुनं झाड उभं होतं. झाड कोणी तोडलं नव्हतं. पायऱ्यांनीच अंग चोरून त्याला वळसा घातला होता. खाली फुलांचा सडा, आणि गोड, जड वास असा की डोकं हलकं व्हावं. वळशावर दोघांना एकाच वेळी जायला जागा नव्हती. दोघेही थांबले. दोघेही म्हणाले, "तुमी जा..." दोघेही निघाले आणि खांद्याला खांदा लागला.

त्याने दोन-चार फुलं उचलून तिच्या ओंजळीत टाकली. "खाऊन पाहा. पन दोनच. नाईतर तुमची चौकशी इथीच संपन."

फूल जिभेवर विरघळलं. रिनाने खाली पाहिलं. अख्खं शहर पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गेलं होतं, आणि पार तळाशी तिला आणणारी बस काडेपेटीएवढी दिसत होती. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की मिथुन दुर्गेबद्दल तिने कितीतरी वेळात काही विचारलंच नव्हतं. विचारायचं होतं ते सगळं या माणसाबद्दल. याचं नाव काय? याचं लग्न झालंय का? रिनाला स्वतःचाच धक्का बसला. ही काय भलतीच चौकशी!

तेवढ्यात वरून हाक आली.

"मिथुनऽ! चप्पल शिवाले गेलता का बनवाले गेलता?"

रिना जागच्या जागी थिजली. "तुमी?"

"मी."

"तुमीच तो... घोरनारा?"

"खोटं काईच नाई सांगतलं मी," तो कान धरून म्हणाला.

हाक त्याच्या आईची होती. वर घरी सत्यशीलाबाईंनी तू कोण, कुठली, काही विचारलं नाही. आधी पाणी, मग चहा. चढून आलेल्या माणसाला श्वास घेऊ द्यावा, ही तिथली रीत. रिनाने चहा कसा प्याला ते तिचं तिला ठाऊक. चार शब्द बोलली आणि उठली.

मिथुन पोचवायला मोहाच्या झाडापर्यंत आला आणि तिथे थांबला.

"आजपर्यंत जे आले ते पायऱ्यायले शिव्या देत गेले," तो म्हणाला. मघाची मस्करी आवाजात कुठे नव्हती. "तुमी पयल्या, ज्यायनं इथून खाली पाह्यलं अन् चेहरा फुलला. मी समजलो होतो तवाच, का तुमी सोता आल्या. लपून. मले आवडलं ते. मले तुमी पसंत हाये, मयुरीबाई... तुमचं काय?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणी रिनाला असं काही म्हणत होतं, आणि ते दुसऱ्याच मुलीच्या नावाने!

"मी... मी मयुरी नाई."

"आं?"

"मयुरी माही बहीन. मी रिना. मी फक्त चौकशीले आली होती."

त्याचं तोंड उघडं ते उघडंच. "म्हनजे मी आत्ता..."

"तुमी काई बोलले नाई. मी काई आयकलं नाई. रविवारी सारे येते. मयुरी लय चांगली हाये."

"अन् तुमी?" त्याने मागून विचारलं.

तिने वळून पाहिलं नाही. कोणत्या सिढीने उतरली, तेही तिला नंतर आठवेना. बस सिंदेवाहीला पोचेपर्यंत तिने मनाला दटावून गप्प केलं. ज्या घराने आपल्याला घास भरवला, त्या घरच्या पोरीच्या ताटात हात घालायचा नाही. विषय संपला.

"घर?" काकांनी विचारलं.

"चांगलं हाये."

"पोट्टा?"

"चांगला हाये."

काका खूश. मयुरीने मात्र संध्याकाळी तांदूळ निवडताना तिला एकटीला धरलं. "सांग ना ताई, कसं हाये सारं?" आणि रिना सांगत सुटली.

रविवारी काका प्रत्येक वळणावर बसले, पण आले. काकू आल्या, मयुरी आली आणि सगळ्यांच्या मागे, नजर पायरीवर खिळवून, रिना आली. मिथुन इस्त्रीच्या शर्टात दारात उभा होता. त्यानेही मान वर केली नाही. बैठक झाली. नोकरीचं विचारून झालं, शेताचं झालं, पाण्याचं झालं. चहा-बिस्किटं आली.

"मयुरी, तुले काई विचाराचं हाये का?" काका म्हणाले.

"हो." मयुरीने कप खाली ठेवला. "पन मले रिनाताईले विचाराचं हाये. ताई, मांगच्या खेपेले तू हे घर पाहून गेली. याच्या मांगं अंगन हाये का?"

रिना गोंधळली. "हाये... असन."

"खोल्या किती?"

रिनाने मान वळवून आतल्या दाराकडे पाहिलं.

"पाहा बाबा!" मयुरी म्हणाली. "चौकशीले आली अन् घरच नाई पाह्यलं. मी पोराचं विचारलं त मले पायऱ्या सांगत बसली. कोन पुढं चाललं, कोन मांगं चाललं, कोनतं झाड मंदात आलं. अन् सांगता सांगता एकटीच हासून राह्यली होती. एवढ्या वर्षांत मी तिले असं हासताना नाई पाह्यलं. मले हे स्थळ नाई पायजे. जिथी माह्या ताईचा जीव गुंतला, तिथी मी कायले येऊ?"

"व माय!" काकूंचा हात तोंडावर गेला. सत्यशीलाबाई ट्रे घेऊन दारातच खिळल्या. काकांच्या हातातलं बिस्कीट चहात बुडून विरघळलं, तरी त्यांचा हात तसाच.

"रिना," शेवटी काका म्हणाले, "खरं हाये का हे?"

एक 'नाई' म्हटलं असतं तर सगळं जागच्या जागी बसलं असतं. तो शब्द जिभेवर तयार होता. चार दिवस तिने तोच घोकला होता. पण समोर मयुरी बसली होती, आणि मयुरीशी ती आजवर एकदाही खोटं बोलली नव्हती.

"खरं हाये, काका," ती म्हणाली. "मी काई ठरवून नाई केलं. तुमी नाई म्हना, मी आत्ता खाली उतरतो अन् पुन्हा नाव नाई काढत. पन खरं हाये."

काकांनी विरघळलेल्या बिस्किटाचा कप बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाले, "माह्याकडे काय पाह्यते? मी नाई म्हननारा कोन? त्याले विचार."

भर बैठकीत मुलीने मुलाला विचारायचं! रिनाचे कान तापले. तरी ती वळली.

"तुमी त्या दिवशी मयुरीले पसंत म्हनलं होतं. मी रिना हाओ. मायबाप नाई मले, काकाच्या घरी वाढली. आता सांगा..."

मिथुनने मान वर केली आणि चष्म्याआडून सरळ तिच्याकडे पाहिलं.

"मी त तवाच सांगतलं, बाई," तो म्हणाला. "मानूस तुमीच होत्या. नाव तेवढं चुकलं."