नातेवाइकांचा रकाना

बँकेचा एसी गळत होता म्हणून मला बोलावलं होतं. मुलुंड पूर्वेची शाखा, मे महिना. मी शिडीवर चढून झाकण उघडलं आणि आत साठलेलं पाणी थेट खालच्या टेबलावर पडलं. टेबलामागच्या मुलीने आधी कागद उचलले, मग केस पुसले, मग वर बघितलं.

"गळती थांबवायला आलात ना?"

"हो मॅडम."

"मग थांबवा."

काम करताना तिचं बोलणं ऐकू येत होतं. पर्सनल लोन मागायला आलेल्या एका काकांना ती क्रेडिट स्कोअर समजावत होती. आधीची उधारी वेळेवर फेडली का, यावरून बनणारा तीन आकडी नंबर. साडेसातशेच्या वर असला की बँक कुरकुर न करता कर्ज देते. काका गेल्यावर मी वरूनच विचारलं, "मॅडम, माझा स्कोअर कसा कळेल?"

"खाली या. शिडीवरच्या माणसाला बँक सल्ला देत नाही."

तिचं नाव सपना. मी धम्मपाल. एसी-फ्रिज दुरुस्तीचं काम, सगळं सामान स्कूटरवर. घाटकोपरला आमच्या घराजवळ सीतारामकाकांचा शिलाईचा गाळा होता. दिवाळीनंतर ते गावी जाणार होते आणि डिपॉझिट भरलं तर गाळा मला मिळणार होता. दोन लाख हवे होते. स्वतःचं दुकान होण्याची माझ्याकडे तेवढीच एक संधी होती.

मोबाइलवर स्कोअर निघाला, सहाशे बासष्ट. ती स्क्रीन सरकवत गेली आणि हसायला लागली.

"एका महिन्यात पाच ठिकाणी अर्ज?"

"एकाने नाही दिलं तर दुसरा देईल, म्हटलं."

"अहो, हे सगळं दिसतं! पाच मुलींना मागणी घातली आणि सहावीला ते कळलं, तर ती काय म्हणेल?"

"सहावी म्हणजे... तुम्ही?"

"मी बँक आहे," ती म्हणाली. पण कान लाल झाले होते.

आपला स्कोअर आपण पाहिला तर काही बिघडत नाही. प्रत्येक नव्या अर्जाने मात्र तो थोडा उतरतो, हे मला तेव्हा कळलं. शिवाय क्रेडिट कार्डाच्या बिलावर 'किमान रक्कम' लिहिलेली असते, मी तेवढीच भरत होतो. तेवढं भरलं की झालं, असं वाटायचं. बाकीवर व्याज चढत होतं.

"कार्ड घरी ठेवून द्या. बाकी पूर्ण फेडा. आणि दिवाळीपर्यंत कुठेही अर्ज करायचा नाही. कुठेही म्हणजे कुठेही!"

दर महिन्याला मी मोबाइल घेऊन तिला आकडा दाखवायला जायचो. खरं तर फोनवरही सांगता आलं असतं. तिलाही ते माहीत होतं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते आठवत नाही. एकदा स्कोअर जेमतेम चार अंकांनी वाढला, तेव्हा तिने बाहेरच्या टपरीवर मला चहा पाजला.

"तोंड पाडू नकोस रे. भरवसा असाच वाढतो, हळूहळू."

ती आता नाही. तीन वर्षं झाली. ही गोष्ट तिने सांगितली असती, तर तुम्ही जास्त हसला असता.

दिवाळीच्या सुमारास स्कोअर सातशे चोपन्न झाला. सीतारामकाकांनी आठवड्याची मुदत दिली. नाहीतर गाळा एका मोबाइलवाल्याला जाणार होता. मी सपनासमोर बसून फॉर्म भरायला घेतला आणि एका रकान्याशी थांबलो. 'बँकेत आपले कोणी नातेवाईक काम करतात का?'

"काय अडलं?"

"इथे काय लिहू?"

"'नाही' लिही. अजून काय?"

"आणि उद्या ते खोटं ठरलं तर?"

हातातला स्टेपलर तिने उगाच उघडला, मिटला.

"धम्मपाल... हे तू मला फॉर्म भरताना विचारतोयस?"

"एरवी तू कामात असतेस."

"आत्तासुद्धा कामातच आहे!" मग तिने आवाज खाली आणला. "'हो' लिहिलंस तर फाईल माझ्याकडून वरच्या साहेबांकडे जाईल. पंधरा दिवस सहज लागतील. गाळा जाईल."

"जाऊ दे. दुसरा मिळेल."

"दुसरा मिळेल? मग सहा महिने मी काय तुझी बिलं गंमत म्हणून तपासली?" डोळ्यांत पाणी होतं, आणि रागही होता. "फॉर्मवर आजचं खरं लिहायचं असतं. आज आपलं काही नातं नाही. लिही, 'नाही'."

मी 'नाही' लिहिलं.

"आणि उद्याचं?"

तिने फॉर्म ओढून घेतला, शिक्का मारला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्याचं माझ्या आईला विचारायचं. चेंबूरला. रविवारी सकाळी ती घरी असते."

"आई नको म्हणाल्या तर?"

"तू फक्त अर्ज कर," सपना म्हणाली. "मंजुरीचं मी बघते."