उतारावरची गाडी

रविवारी जेवणं उरकल्यावर सुबोध डिकीतली आंब्यांची पेटी आणायला खाली उतरला. मुलुंडची ती गल्ली डोंगराच्या अंगाला, चांगली उताराची. मे महिन्याच्या उन्हात चिटपाखरूही नव्हतं.

गाडीपाशी शकुबाई उभी होती. वॉचमन भाऊरावांची बायको. दोन महिन्यांपूर्वी उभी करून ठेवलेली हीच गाडी घरंगळत गेली आणि भाऊराव खालच्या भिंतीशी चिरडले गेले. 'हँडब्रेक ओढला होता, चाकाखालचा दगड त्यांनीच काढला असणार,' असं सुबोधनं चौकीत सांगितलं. खरं म्हणजे फोनवर बोलता बोलता तो ब्रेक न ओढताच वर गेला होता. माणूस वाईट नव्हे; पण अंगाशी आलं की चांगली माणसंही हात झटकतात, आणि मेलेला थोडाच उलटून बोलतो?

"साहेब, अठरा वर्षं या उतारावर गाड्या राखल्या त्यांनी," शकुबाई म्हणाली. "लोक म्हणतात, स्वतःच्या चुकीनं गेला. दगड खरंच त्यांनी काढला?"

लाज वाटली सुबोधला, भयंकर लाज. तरी तोंडातून तेच निघालं.

"हो… त्यांनीच."

ती मान खाली घालून उतार उतरू लागली. आणि गाडी हलली.

जरा सरकली, थांबली, पुन्हा सरकली. तापलेल्या रबराचा वास आला. आत हँडब्रेक ओढलेला होता. हल्ली तो दहादा बघायचा. धावत पुढे जाऊन त्यानं बॉनेटला दोन्ही हात लावले. गाडी त्याला सावकाश रेटू लागली. त्याच्या मागे, उतारावर, शकुबाई चालली होती.

"मी ओढला नव्हता…" तो पुटपुटला. गाडी वीतभर पुढे आली.

"शकुबाई, ब्रेक मी ओढला नव्हता… त्यांनी काही नाही केलं. उद्या चौकीत सांगतो… सगळ्यांसमोर सांगतो."

वरच्या गॅलरीत कुणीतरी पडदा सारला. गाडी जागच्या जागी थांबली. हातांवर कसलाच भार उरला नाही.

शकुबाई वळली. सुबोधकडे तिनं पाहिलंच नाही. ती पाहत होती त्याच्या शेजारी, पुढच्या चाकापाशी. मग पदर सावरून, घरातल्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "ऐकलंत ना? चला आता… सोडा ती गाडी."

ती चालू लागली, जरा कडेनं, बाजूला एका माणसाची जागा ठेवून.

सुबोधच्या तळव्यांवर गाडीचा भार हळूहळू पुन्हा येऊ लागला.