नावं सोलली कुणी?

"कालीबाईंनी हे केलेलं नाही, एवढंच दाखवून द्या. कुणी केलं ते नाही सापडलं तरी चालेल," निशा म्हणाली. पुढ्यातल्या चहाला तिने हातही लावला नव्हता.

कोकिळाबाई पाटील तिच्याकडे बघत राहिल्या. लोणखेड्यात त्यांचा धंदा लग्नाआधी स्थळांची चौकशी करण्याचा. नवरा भरतराव गाडी चालवायचे आणि प्रत्येक प्रकरणात पहिल्या पाच मिनिटांत चुकीचा माणूस पकडून मोकळे व्हायचे.

"झालं काय, ते नीट सांगा."

निशा प्रकाशा गावाजवळच्या एका खासगी शाळेत तिसरीला शिकवायची, कंत्राटावर. शाळेने तिसरीच्या पालकांना यादी धाडली होती. खडू, साबण, फिनाईल, झाडू, कोऱ्या कागदांचा गठ्ठा. प्रत्येक वस्तूवर दोन चिठ्ठ्या चिकटवायच्या, एक वर्गाची, एक मुलाच्या नावाची. आज बारा वाजता पालकसभेत मुख्याध्यापक ती नावं वाचणार होते. ज्यांनी काही आणलं नाही, त्या मुलांना उभं करणार होते.

"सकाळी कपाट उघडलं तर वस्तू सगळ्या जागेवर, नावं तेवढी गायब! खडूच्या खोक्यावरची चिठ्ठी तर वरच्या कागदासकट सोललीय. कालीबाई आमच्याकडे खिचडी शिजवतात. त्यांची नात रिना काहीच आणू शकली नाही, म्हणून सरांचा आळ त्यांच्यावर. सभेत सगळ्यांदेखत काढून टाकणार आहेत त्यांना. दहा वाजलेत, ताई!"

"त्यात काय कोडं?" गाडी काढता काढता भरतराव म्हणाले. "नातीपायी आजीनेच केलं."

"तुम्ही रस्त्याकडे बघा."

शाळेच्या स्वयंपाकघरात कालीबाई एकट्याच बसल्या होत्या. दाराकडे पाठ. हातात शाळेच्या शिक्क्याचा कागद, आणि तोही उलटा. चाहूल लागताच त्या दचकून उठल्या. कागद पुढे करत म्हणाल्या, "बाई, यामा काय लिखेल शे?"

कोकिळाबाईंनी वाचून दाखवलं. कामावरून कमी करण्याची नोटीस होती. रिनाचे आईबाप मजुरीसाठी गुजरातेत होते. घरी खाणारी तोंडं दोन आणि त्यांना पोसायला हीच एक नोकरी.

"कपाटाची चावी कुठे असते?"

"खिळावर ऱ्हास. ज्याले लागस तो ली जास."

खिळा दारालगतच होता. शाळा सुटल्यावर कालीबाई शेतातून सरपण आणायला जायच्या, तेव्हा तिथे कुणीच नसायचं. बाहेर ओसरीवर सभेसाठी सतरंज्या पडायला लागल्या होत्या.

मुख्याध्यापक उमाकांत सर कार्यालयात येरझारा घालत होते. "काल दुपारी मी स्वतः बघितलं, चिठ्ठ्या होत्या. मग मी आणि हा ललित नंदुरबारला बैठकीला गेलो."

"रात्री एकाच गाडीने परत आलो," ललित म्हणाला. तो शाळेचा कारकून. "सकाळी कपाटही दोघांनी मिळून उघडलं."

"आणखी कुणी आत बघितलं?"

"कुणी नाही. मी लगेच कुलूप घातलं, चावी खिशात टाकली आणि त्या बाईला सगळ्या शिक्षकांसमोर जाब विचारला."

कपाट उघडलं. प्रत्येक वस्तूवर 'तिसरी' लिहिलेली चिठ्ठी शाबूत. तिच्याशेजारची नावाची चिठ्ठी ओली करून काढलेली; चिकटून राहिलेल्या एखाददुसऱ्या तुकड्यावरून तीही तशाच कागदाची, त्याच अक्षरातली दिसत होती. कोकिळाबाईंनी झाडू बाजूला केले, कागदांचे गठ्ठे उतरवले आणि पार मागच्या कोपऱ्यातून खडूचं खोकं ओढून काढलं. त्याची एक बाजू कागदासकट सोललेली होती.

"अरे, हेही?" सर वाकले. "हे मला दिसलंच नव्हतं."

"मलाही नाही," ललित म्हणाला.

पावणेबारा झाले. पालक जमायला लागले होते. कोकिळाबाईंनी सर्वांना कार्यालयात बोलावलं, निशालाही.

"दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी, दिसायला सारख्या. वर्गाची एकही गेली नाही, नावाची एकही राहिली नाही. हे वाचता येणाऱ्या माणसाचं काम. कालीबाईंना स्वतःची नोटीससुद्धा वाचता आली नाही."

"नाटक केलं असेल," भरतराव म्हणाले.

"कुणासाठी हो? आपण दारात पोचायच्या आधीच कागद उलटा धरलेला होता, आणि त्यांची पाठ होती आपल्याकडे."

"मग चावी?" सरांनी विचारलं.

"चावी कुणालाही मिळते. तुम्ही दोघं तर नंदुरबारला होतात. उरलं खडूचं खोकं. ते सोललंय हे इथे कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्हालाही नाही, सर. मी मात्र ते दहा वाजता लोणखेड्यात ऐकलं."

निशाने खाली मान घातली.

"कुणी केलं ते नाही सापडलं तरी चालेल, असं म्हणणारं गिऱ्हाईक मला आजवर भेटलं नव्हतं," कोकिळाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "का केलंत, निशा?"

"गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या काजलला असंच उभं केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आलीच नाही. मी दोनदा घरी गेले, ती दाराआड लपून बसायची. या वर्षी सहा जण होते, सर. सहा! नावंच नसली तर कुणाला उभं करणार, एवढंच डोक्यात होतं. आळ कालीबाईंवर येईल हे सुचलंच नाही. आणि आल्यावर… मला नोकरीची भीती वाटली."

सर खुर्चीत बसले. मग त्यांनी ललितला नोटीस परत आणायला पाठवलं.

बारा वाजता निशा पालकांसमोर उभी राहिली आणि हेच सगळं मोठ्याने बोलली. त्या दिवशी कुणालाच उभं केलं गेलं नाही.

सभा संपल्यावर ती कालीबाईंपाशी गेली. "माफ करा मला. त्या पोरांची नावं कुणी चारचौघांत घेऊ नयेत, म्हणून केलं मी."

कालीबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"जवय सरनी मन्हं नाव लिधं," त्या म्हणाल्या, "तवय तुम्ही तठेच उभ्या व्हत्यात."