दीड लिटर पाणी

रविवारी सकाळी प्रणोती घरत वडिलांच्या हॉलमध्ये गुडघ्यांवर बसून काचेच्या टाकीला एक बारीक नळी चिकटवत होती. टाकीत समुद्राचं पाणी होतं आणि पाण्यात जिवंत प्रवाळांचे एकवीस तुकडे. समुद्र तापत गेला, किनाऱ्यालगतची प्रवाळं पांढरी पडून मरू लागली, तेव्हा एका संस्थेने वाचलेले तुकडे लोकांच्या घरी सांभाळायला दिले होते. पुढेमागे समुद्र निवला तर ते परत नेऊन लावायचे, अशी कल्पना. हिरामण घरत यांना तेव्हा मिठागराच्या नोकरीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि बायको जाऊन एक. गावातून अर्ज करणारे ते एकटेच होते.

"एवढ्या वायरी कशाला गं?" ते खुर्चीतून म्हणाले. "एक जग पाणी तर घालायचंय."

"रोज घालायचंय. वाकून. परवा कंबर धरली होती तुझी."

"धरली आणि सोडली पण."

टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जाई. उडे ते गोडं पाणी; मीठ मागेच राही. भर घातली नाही तर काही दिवसांत पाणी इतकं खारट होई, की प्रवाळातले जीव अंग चोरून आत जात आणि मग बाहेर येत नसत. म्हणून जेवढं उडालं तेवढंच शुद्ध गोडं पाणी घालायचं, खारं नाही. नवखे लोक इथेच चुकत. हिरामण यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. "चाळीस वर्षं मी पाणी उडायची वाट बघितली," ते म्हणत. "आता उडालं की भरतो."

आणि पाणी घालून झालं की बरोबर साडेसातला त्यांचा नागपूरला फोन जाई. "आज दीड लिटर गेलं." मग वाऱ्याबद्दल, मग कुठलं पोवळं उमललं त्याबद्दल. प्रणोतीची ती कॉलेजला शिकवायला निघण्याची वेळ. ती फोन ओट्यावर ठेवून डबा भरता भरता "हं, हं" म्हणत राही.

"हे साधं यंत्र नाही, बाबा," ती नळी दाबत म्हणाली. यंत्राचं नाव 'पूरक' होतं, डबीएवढं, पांढरं. "पाण्याची पातळी तर बघतंच, पण खोलीतली हवाही वाचतं. पंखा चालू आहे का, दार उघडं आहे का, माणसं किती आहेत. आपल्या श्वासातून वाफ जाते ना, तेवढी हवा ओली होते आणि टाकीतलं पाणी कमी उडतं. त्यावरून उद्या किती लागेल, ते आजच ठरवतं."

"म्हणजे मी श्वास घेतोय की नाही, ते याला कळणार."

"याला कळणार. मला फक्त पाणी घातल्याचा निरोप येणार."

"मनगटाला नाडी मोजायचा पट्टा बांध म्हणालीस, मी नको म्हटलं. शेवटी टाकीला बांधलास." ते हसले. मग म्हणाले, "किती वाजता घालणार हे?"

"साडेसातला. तुझ्याच वेळेला."

"आणि फोन?"

"आता फोन कशाला? मला तिकडे दिसेल सगळं."

"बरं झालं," ते म्हणाले. "तुझी पण घाई असते."

जेवणात त्यांनी केलेली सुकटीची चटणी होती. प्रणोतीने पन्नास लिटरचा साठा भरून ठेवला, यंत्र दोनदा तपासलं आणि दुपारच्या विमानाने ती परतली.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या फोनवर एक हिरवा ठिपका दिसू लागला. पातळी योग्य. पाणी घातल्याचा निरोप काही येईना, पण पातळी योग्य असल्यावर निरोपाचं काय, असं म्हणून तिने ते सोडून दिलं. साडेसातला घर शांत असे. कितीतरी दिवसांनी ती सकाळचा चहा बसून पिऊ लागली. रविवारी तिने फोन केला.

"टाकी ठीक?"

"ठीक."

"कंबर?"

"ती पण."

सोळाव्या दिवशी, मंगळवारी, वर्गात शिरताना फोन थरथरला. 'पूरक: पहिली भर यशस्वी. दीड लिटर.' पहिली या शब्दावर तिची नजर क्षणभर अडली. काहीतरी नव्याने मोजायला लागलं असेल, असं तिला वाटलं. चला, चालतंय. तिने निरोप बाजूला सारला आणि हजेरी घेतली. बुधवारी तसाच दुसरा आला. गुरुवारी सकाळी शेजारच्या कुंदाकाकूंचा फोन आला. दाराला दुधाच्या दोन पिशव्या तशाच लटकत होत्या, म्हणून त्यांनी कुलूप फोडून घेतलं होतं.

बाराव्यानंतर पाहुणे गेले आणि हॉल रिकामा झाला. टाकीचा निळसर दिवा ठरल्या वेळेला लागत होता, विझत होता. कुंदाकाकू चहा घेऊन आल्या.

"डॉक्टर म्हणाले, पडले तसेच गेले. त्यांना कळलं पण नसेल बघ. इथेच, टाकीच्या पुढ्यात. हातात रिकामा जग."

"जग?"

"रोज सातला स्वतःच घालायचे पाणी. मी म्हटलं, हिरामणभाऊ, पोरीने एवढं यंत्र बसवलंय ते काय शोभेला? तर म्हणाले, आपल्या हाताने घातलं की आकडा कळतो. प्रणू कधी विचारेल, तेव्हा सांगता यायला हवा."

स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने आकडे लिहिलेले होते. दीड. एक चारशे. एक सहाशे, बाजूला 'वारा'. सोमवारपासून पुढच्या पुढच्या सोमवारपर्यंत पंधरा चौकोन. मंगळवारचा कोरा.

ते सातला घालत होते, म्हणून साडेसातला यंत्राला काही करावं लागत नव्हतं. पंधरा दिवसांत त्याने एक थेंब घातला नव्हता. मंगळवारी घातला.

प्रणोतीने फोन यंत्राला जोडून 'पूरक'ची स्मृती उघडली. तिला फक्त वेळ बघायची होती. मंगळवार, साडेसात: पहिली भर. त्याच ओळीत पुढे खोलीतल्या हवेची नोंद होती. श्वास: एक.

तिने बोट खाली सरकवलं. मंगळवार दुपार, श्वास: एक. रात्र, श्वास: एक. बुधवार, साडेसात: दुसरी भर. श्वास: एक.

बुधवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. श्वास: शून्य. खोली रिकामी असल्याने पाणी थोडे जास्त उडेल. उद्याच्या भरीत वीस मिलिलिटरची वाढ.

"काय गं ते?" कुंदाकाकूंनी विचारलं.

"काही नाही काकू. पाण्याचं आहे."

काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "शांतपणे गेले. एवढं तरी धरून राहा." प्रणोतीने मान हलवली. चहा गार झाला.

संध्याकाळी संस्थेतल्या माणसाचा फोन आला. तो चांगलं बोलला. प्रवाळं उत्तम आहेत, म्हणाला. दिवा, खाणं, पाणी सगळं आपोआप होतंय. फक्त साठा महिन्याने कुणीतरी भरायचा, तोही आमचा माणूस भरेल. "तुम्ही घर बंद ठेवलंत तरी चालेल, मॅडम. तिथे कुणी असायची गरज नाही."

"उद्या सांगते," ती म्हणाली.

सकाळी सातला तिने यंत्र बंद केलं. जग मोरीजवळ होता. कुणीतरी धुऊन पालथा घातला होता. तिने त्यात गोडं पाणी घेतलं आणि टाकीपुढे वाकली. काचेवर वडिलांनी रंगाने मारलेली रेघ होती, पाणी तिच्या बोटभर खाली. ती धार बारीक धरून घालत राहिली. वेळ लागत होता. एवढा वेळ लागतो, हे तिला माहीत नव्हतं. पाणी रेघेला टेकलं, तेव्हा कोपऱ्यातलं एक तपकिरी पोवळं हळूहळू आपली बोटं बाहेर काढत होतं.

"बाबा," ती म्हणाली. रिकाम्या खोलीत आवाज मोठा वाटला. "तुझ्या कमरेसाठी नव्हतं बसवलं मी हे. तुझा रोजचा फोन नको होता मला."

बंद यंत्रावर काही उमटलं नाही. घड्याळात साडेसात झाले. जगावरचा आकडा बघायचा तिने टाळला.

"सांग ना," ती म्हणाली. "आज किती गेलं?"