हाताला कळतं

ठकी तीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलली नव्हती, आणि त्या काळजीनं तिच्या आईला कित्येक महिने धड झोप नव्हती. डॉक्टरांनी मुलीचे कान पाहिले, जीभ पाहिली, सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं आणि मग आईकडेच जरा जास्त वेळ पाहिलं, असं आपलं तिला वाटलं. सासूबाई म्हणायच्या, हिचा बापही उशिराच बोलायला लागला, आणि आता तरी कुठे बोलतो. बालसंगोपनाचं एक जाडजूड पुस्तक तिनं तीनदा वाचून काढलं होतं आणि तीनही वेळा दोष तिचाच निघाला होता. बाळाशी सतत बोला, असं त्यात लिहिलं होतं. ती बोलायचीही. पण चाळणघर चालू असलं की तिचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू येत नसे.

चाळणघर त्यांच्या घराच्या भिंतीला लागूनच होतं. तीन मजली, लाकडी, आतून-बाहेरून काळं. खाणीतला कोळसा वरच्या मजल्यावर चढायचा, मधल्या मजल्यावर एका लांब पट्ट्यावरून सरकायचा, तिथे बायका त्यातले दगड वेचून काढायच्या, आणि मग तो हलत्या चाळण्यांवर पडायचा. ढेकळं इंजिनांसाठी, मुठीएवढे तुकडे कारखान्यांना, अक्रोडाएवढे घरच्या शेगड्यांना, वाटाण्याएवढे आणखी कुणाला. प्रत्येकाची पन्हळ वेगळी आणि पन्हळीखाली उभी असलेली मालगाडीची वाघीणही वेगळी. वाघिणींवर चिठ्ठ्या लावण्याचं काम ठकीच्या बापाचं.

त्या दिवशी तो चष्मा घरीच विसरून गेला. चष्म्याशिवाय हा माणूस अक्रोडाच्या वाघिणीला ढेकळांची चिठ्ठी लावणार, हे ठकीच्या आईला पक्कं ठाऊक होतं. चाळणीची जाळी बदलायची म्हणून यंत्र सकाळपासून बंद होतं. दुपारी तिनं ठकीला काखेत घेतलं आणि निघाली.

तो खाली रुळांवर कुठेतरी गेला होता. मधल्या मजल्यावर निवडणाऱ्या बायकांची मुकादमीण तेवढी एकटी बसली होती. सगळे तिला मावशी म्हणत. थांब इथेच, येईल तो, असं म्हणून तिनं एक पाट पुढे सरकवला. खिडक्यांच्या काचांवर इतकी धूळ होती की दुपारचं ऊनसुद्धा आत मळकं होऊन येत होतं. ओल्या कोळशाचा आणि वंगणाचा वास नाकात बसला. थांबलेल्या पट्ट्यावर कोळसा तसाच पडून होता. हात भरून आले तशी तिनं ठकीला खाली सोडलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, की यातला दगड ओळखता कसा, सगळंच तर काळं.

"डोळ्यांनी नाही ओळखायचा," मावशी म्हणाली. "हाताला कळतं. दगड जड असतो आणि थंड असतो. थंड लागला की काढायचा. ऊबदार लागलं की जाऊ द्यायचं."

मग मावशी आपणहून जुनं सांगू लागली. पूर्वी निवडणाऱ्या बायका तान्ही पोरं इथेच आणायच्या आणि पायाशी रिकाम्या खोक्यात निजवायच्या. या गोंगाटात रडणं कुठलं ऐकू यायला. म्हणून पोराच्या घोट्याला दोरी बांधायची आणि दुसरं टोक आईच्या अंगठ्याला. पोरानं पाय झाडला की आईला कळायचं. इथली पोरं रडायचीच नाहीत, मावशी म्हणाली. रडून उपयोग नाही हे त्यांना फार लवकर कळायचं.

"एकीची दोरी सुटली…" मावशीचा आवाज खाली आला. "पोर रांगत पट्ट्यावर चढलं. वरच्या टोकाला. धुळीनं माखलेलं, काळं. तिच्या हाताखालूनच गेलं…"

"तिला कळलं नाही?"

"दगड असता तर कळलं असतं."

ठकीच्या आईनं ते ऐकलं. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, हेही तिच्या लक्षात आलं, पण आत कुठे काही हललं नाही. इतकी न झोपलेली माणसं अशीच होत असावीत, असं तिच्या मनात आलं. मग तिनं खाली पाहिलं. ठकी तिथे नव्हती.

ती पट्ट्याच्या पलीकडे होती. एका खोक्यावर चढून बसली होती, पाठ ताठ, दोन्ही हात पट्ट्यावर. एक तुकडा उचलायची, क्षणभर धरायची आणि परत ठेवायची. दुसरा उचलायची आणि बाजूच्या टोपलीत टाकायची. घाई नाही, खेळ नाही. मावशी वळसा घालून गेली आणि तिनं टोपलीतले तुकडे एकेक करून तळहातावर तोलले. ते सगळे दगड होते.

"माझ्या बायकांना हे यायला वर्ष लागतं," ती एवढंच म्हणाली.

आईनं उचलायला हात पुढे केला. ठकीनं तो धरला, चाचपला. आणि मग, बाकीच्या ऊबदार तुकड्यांना सोडत होती तसा, अलगद सोडून दिला.

चष्मा मावशीकडे ठेवून ती मुलीला घेऊन घरी आली. वाटेत तिला धावावंसं वाटलं नाही. पाणी तापवलं, ठकीला मोरीत बसवलं, साबण लावला. हात निघाले, तोंड निघालं. डाव्या घोट्याभोवतीची एक बारीक काळी रेघ मात्र निघेना. तिनं दगडानं घासलं. कातडी लाल झाली, रेघ तशीच राहिली.

घरात इतकी शांतता कधीच नसायची. तांब्यातून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं.

"आई," ठकी म्हणाली.

स्पष्ट. खणखणीत. या एका शब्दासाठी आईनं किती रात्री मोजल्या होत्या. तो आला की आपण रडू, हसू, शेजारपाजार गोळा करू, हे सगळं तिनं ठरवून ठेवलं होतं. आता तिच्या हातात नुसता साबण होता.

"हो राजा," ती म्हणाली. "बोल. मी इथेच आहे."

ठकीनं तिच्या खांद्यावरून मागे, दाराकडे पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे, मोठी माणसं न समजणाऱ्याकडे पाहतात तसं.

"तुला नाही म्हटलं."