मौनांक

नागपूरच्या श्रमविज्ञान प्रयोगशाळेत डॉ. मृण्मयी बोरकुटे यांनी टेबलावर एक पिवळं हेल्मेट ठेवलं आणि त्याचा हनुवटीखालचा पट्टा बोटाने उचलून दाखवला. समोर दोघे जण बसले होते. एक होते उत्तुंग बांधकाम कंपनीचे प्रकल्प संचालक विश्वंभर दाणी आणि दुसरा त्यांचा सुरक्षा अभियंता नझीम काझी.

"हा कंठसंवेदक," त्या म्हणाल्या. "माणूस बोलायला निघतो तेव्हा आवाज फुटण्याआधी गळ्याचे स्नायू हलतात. हा पट्टा ती हालचाल टिपतो. कपाळावरची पट्टी नाडी आणि घाम पाहते. माणूस घाबरला, बोलायला निघाला आणि गप्प बसला, की यंत्र त्याची नोंद करतं. साइटवरच्या अशा सगळ्या गिळलेल्या शब्दांचा मिळून एक आकडा तयार होतो. त्याला मी मौनांक म्हणते."

"पण सुरक्षा मोजायला अपघातांची आकडेवारी आहे की," दाणी म्हणाले.

"अपघात सगळ्यात शेवटी होतो, साहेब. त्याआधी कुणाला तरी तो दिसलेला असतो. तो माणूस तोंड उघडतो आणि मिटतो. तुमच्या साइटवर माणसं किती वेळा तोंड मिटतात, ते मला मोजायचंय."

काझीने विचारलं, "आकडा कमी कसा करायचा?"

"लोकांना बोलू द्यायचं."

दाणी बांधत असलेल्या मनोऱ्यावर हेल्मेटं आली तेव्हा मौनांक इतका चढा निघाला की काझी शरमला. त्याने मजुरांना गोळा करून सांगितलं, की धोका दिसला तर कुणीही काम थांबवावं, त्याला कुणी जाब विचारणार नाही. पहिली बोलली ती सळई बांधणारी सुगंधा उईके. नव्या स्लॅबखालचे टेकू काढायला माणसं आली, तेव्हा ती आडवी उभी राहिली.

"अजून ओलं हाय जी साहेब. टेकू नोका काढू."

काम थांबलं. मग इतरही बोलू लागले आणि मौनांक हळूहळू उतरू लागला. बोरकुटे समाधानाने दुसऱ्या संशोधनाकडे वळल्या. पुढे एके दिवशी आकडा थेट शून्यावर आला. कामगार आयुक्तालयाने मनोऱ्याला सुवर्ण मानांकन दिलं आणि दाणींचा सत्कार झाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक स्लॅब कोसळला आणि त्याखाली दोन मजूर गेले.

चौकशी करणारे कामगार आयुक्त पद्माकर येलमुले यांच्यापुढे दाणी शांतपणे उभे राहिले. "मौनांक शून्य होता, साहेब. साइटवर एकाही माणसाला धोका जाणवला नव्हता, असं डॉक्टरांचंच यंत्र सांगतं. जे कुणालाच दिसलं नाही, त्याची जबाबदारी आमच्यावर कशी?"

बोरकुटेंचे कान तापले. सुनावणी संपताच त्यांनी काझीला गाठलं.

"सुगंधा उईके कुठे आहे?"

"काम थांबलं त्यानंतर महिन्याभरात काढलं तिला," काझी खाली बघत म्हणाला. "ते पाहून बाकीचे पुन्हा गप्प झाले. आकडा चढला. मग साहेबांनी टोळ्या बदलून बदलून पाहिलं. ज्या टोळीमुळे आकडा चढायचा, ती घरी. नवी माणसं घेतली ती उंच फळीवर उभी करून. नाडी वाढली नाही, तर काम पक्कं. अगदी कोवळी पोरं होती, मॅडम. स्लॅब केव्हा पडतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं."

"म्हणजे धोका तसाच ठेवला आणि धोका ओळखणारी माणसं काढून टाकली!" त्यांचा आवाज चिरकला. "माझं यंत्र तुम्ही चाळणीसारखं वापरलंत. आणि तुम्ही गप्प बसलात, काझी?"

"माझ्या हेल्मेटला पट्टा नव्हता, मॅडम. अधिकाऱ्यांना कुणी मोजतच नव्हतं."

त्या तडक येलमुलेंकडे गेल्या आणि त्यांनी एकच मागणी केली. मनोऱ्यावर पुढच्या स्लॅबचे टेकू निघायचे होते. त्याआधीच्या पाहणीला येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने पट्ट्याचं हेल्मेट घालावं आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा दिसावा. "लावा की," दाणी हसून म्हणाले. येलमुलेंनीही हेल्मेट चढवलं.

सगळे स्लॅबखाली उभे राहिले. टेकूंच्या रांगेत काही टेकू किंचित कलले होते. वर एक बारीक चीर आडवी गेली होती. नवे मजूर हातोडे घेऊन हुकुमाची वाट पाहत, एकमेकांची थट्टा करत उभे होते.

"सगळं ठीक आहे ना?" बोरकुटेंनी विचारलं.

"ठीक आहे," दाणी म्हणाले. काझीनेही होकारार्थी मान हलवली. येलमुले काहीच बोलले नाहीत.

बोरकुटेंनी हातातला पडदा सगळ्यांकडे वळवला.

"मजुरांचा आकडा शून्य. काझींचा वाढतोय. दाणीसाहेब, तुमचा त्याहून जास्त. तुम्हालाही भीती वाटतेय." त्या येलमुलेंकडे वळल्या. "पण सगळ्यात मोठा आकडा तुमचा आहे, येलमुलेसाहेब."

येलमुले आयुक्तपदावर येण्याआधी वीसेक वर्षं इमारतींचे आराखडे करत होते. ती चीर काय सांगते, हे इथे उभ्या असलेल्या कुणाहीपेक्षा त्यांना जास्त कळत होतं. उद्घाटनाची तारीख मंत्र्यांनी जाहीर केली होती. सुवर्ण मानांकनावर सही त्यांचीच होती.

"साहेब, त्या पोरांच्या हातात हातोडे आहेत," बोरकुटे म्हणाल्या. "काय गिळलंत ते बोला."

येलमुलेंनी वरच्या चिरेकडे पाहिलं.

"सगळ्यांना खाली उतरवा," ते म्हणाले. मग ओरडले, "आत्ताच्या आत्ता! एकाही टेकूला हात लावू नका!"

मजूर गोंधळून जिन्याकडे पळाले. दाणी त्यांच्याही पुढे होते. पडद्यावरचा येलमुलेंचा आकडा झरझर खाली आला.

खाली मोकळ्या जागेत पोचल्यावर बोरकुटेंनी येलमुलेंची वाट अडवली.

"मानांकनाच्या पाहणीला तुम्ही त्या कोसळलेल्या स्लॅबखालीही उभे होतात. तेव्हाही धोका दिसला होता तुम्हाला?"

येलमुलेंनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्या हनुवटीखालचा पट्टा अजून सुटला नव्हता. बोरकुटेंच्या हातातल्या पडद्यावर आकडा पुन्हा चढू लागला.