बोलकाटा

"त्या बटणासाठी सही करू नकोस, हनी. ते पोरांचं ऐकत नाही, पोरांना तोलतं."

शाळेच्या फाटकाशी मिसेस टॉलिव्हर असं म्हणाल्या, तेव्हा शलाका नुसती हसली होती. शेजारच्या घरातल्या या साठी ओलांडलेल्या कृष्णवर्णीय बाई शाळेच्या प्रत्येक पत्रकाकडे संशयानं बघतात, हे तिला दोन वर्षांत ठाऊक झालं होतं. शलाकाची रेवा आणि मिसेस टॉलिव्हरांची नात नायला, दोघी सात वर्षांच्या, एकाच वर्गात. न्यू जर्सीतल्या हॅझलब्रुक नावाच्या त्या छोट्या गावात सकाळी चौघी मिळूनच शाळेपर्यंत चालत जायच्या.

बटण खरंच बटणाएवढंच होतं. मुलांच्या कॉलरला लावायचं. दिवसभर ते मुलांचं बोलणं ऐकायचं, वाक्यरचना तपासायचं, शब्द मोजायचं आणि चूक सापडली की क्षणभर लाल व्हायचं. दर सहा आठवड्यांनी त्यावरून वाचनाचे तीन गट पडायचे. परीक्षा नाही, बाईंची मर्जी नाही. 'माणसाचा पूर्वग्रह यंत्राला नसतो,' असं पत्रकावर ठळक छापलेलं होतं. शलाकाच्या नवऱ्यानं, निनादनं, त्याचं बारसं करून टाकलं: बोलकाटा.

"माझ्या वेळीही असंच सांगितलं होतं," मिसेस टॉलिव्हर म्हणाल्या. "एकोणीसशे एकाहत्तर. काळ्यांची आणि गोऱ्यांची शाळा नुकतीच एक केली होती. आई मला नवा फ्रॉक घालून घेऊन गेली. तीन आठवड्यांनी एक बाई आली, चित्रं दाखवून आम्हाला बोलायला लावलं, लिहून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही अकराजण तळघरातल्या खोलीत. इमारत एक, जिने दोन."

"पण ती माणसं होती, मिसेस टॉलिव्हर. हे यंत्र आहे."

"मग यंत्राला बोलायला कोणी शिकवलं? माझ्या आईनं तर नाही."

शलाकानं सही केली. आपल्या मराठी मुलांना अभ्यासाची कसली भीती, असंही तिच्या मनात आलं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

सहा आठवड्यांनी रेवा तिसऱ्या गटात गेली. अहवालात लिहिलं होतं: 'निरर्थक पुनरुक्ती. वाचादोषाची शक्यता.' खाली नमुने होते. 'वॉटर-बिटर.' 'बुक-बिक.' 'पेन्सिल-बिन्सिल.'

निनाद आधी खो खो हसला. "अगं, पाणीबिणी! चहाबिहा! पोरगी मराठीत इंग्रजी बोलतेय." मग त्यानं शेवटची ओळ वाचली. तिसऱ्या गटातून पहिल्या गटात फार थोडी मुलं जातात, असं त्यात आकड्यांसकट होतं. त्या आठवडाभर शलाका रेवाशी जेवतानाही इंग्रजीतच बोलली.

नायला मात्र पहिल्या गटात होती. अठरा जागांपैकी अठराव्या जागेवर. तिचं बटणही बऱ्याचदा लाल व्हायचं, पण शब्दसंपत्ती इतकी मोठी, की ती निभावून गेली होती.

शलाकानं अर्ज केला. त्यात 'घरची भाषा' असा एक रकाना होता. तिनं 'मराठी' लिहिलं आणि जोडशब्दांवर दोन पानं टिपण जोडलं. सुनावणीला मिसेस टॉलिव्हर सोबत आल्या; नायलाच्या लाल खुणांबद्दल त्यांनाही विचारायचं होतं.

उपमुख्याध्यापक लिंडक्विस्ट भला माणूस होता. त्यानं टिपण यंत्राला दिलं. मिनिटभरात पडद्यावर उमटलं: 'मराठीभाषक घर. जोडशब्द: दोष नाही.'

"झालं!" तो म्हणाला. "आता तुमचं, मिसेस टॉलिव्हर." त्यानं नायलाचं एक वाक्य लावलं. चिमुकला आवाज आला, "माय ग्रँडमा बी रीडिंग."

"क्रियापद चुकलंय," लिंडक्विस्ट म्हणाला.

"चुकलेलं नाही. त्याला अर्थ आहे."

"काय अर्थ?"

"आम्ही तसंच म्हणतो. माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची."

"मला पटतंय हो. पण सूट घरच्या भाषेला मिळते, आणि नायलाच्या घरची भाषा तुम्ही इंग्रजी लिहिलीय. इंग्रजीला सूट कशी देणार?"

शलाकाला त्या क्षणी अर्थ लख्ख कळला. आजी आत्ता वाचतेय, असं ती पोर म्हणत नव्हती. आजी वाचत असते, नेहमी, रोज, असं म्हणत होती. मराठीत आपण 'वाचतेय' आणि 'वाचत असते' यांत कधी गल्लत करतो का? नायलाच्या घरानं तोच फरक एका 'बी'मध्ये पकडून ठेवला होता. चूक नव्हतीच. नियम होता, पक्का.

"तुम्हाला आणखी काही जोडायचंय, मिसेस केळुसकर?" लिंडक्विस्टनं विचारलं.

पडद्यावर पहिल्या गटाची यादी नव्यानं लागली होती. रेवा अठरावी. तिच्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली नायला.

"नाही," शलाका म्हणाली. "एवढंच."

बाहेर आल्यावर मिसेस टॉलिव्हर फाटकाशी थांबल्या. "तुझ्याकडे रकाना होता, हनी. आमच्याकडे नुसतं तोंड." त्या हसल्याही.

महिन्याभरानं रेवानं जेवता जेवता सांगितलं, "आई, नायला आता वर्गात बोलतच नाही. गप्प बसलं की बटण लाल होत नाही, असं तिनं शोधून काढलंय."

शलाकानं ताट बाजूला सारलं आणि तिथेच बसून लिंडक्विस्टला पत्र लिहिलं. 'बी'चा अर्थ, नियम, उदाहरणं, सगळं. तीन दिवसांनी उत्तर आलं: 'संबंधित विद्यार्थिनीच्या दोषांत नव्वद टक्के घट झाली आहे. प्रगती समाधानकारक असल्यामुळे बदलाची गरज वाटत नाही.'

आपलं पत्र आणि ते उत्तर घेऊन ती शेजारी गेली. मिसेस टॉलिव्हरांनी दारातच चष्मा लावून दोन्ही पत्रं वाचली.

"हे तुला त्या दिवशी, तिथे बसलेली असताना कळलं होतं?"

"हो."

त्यांनी कागदांची नीट घडी करून परत दिली. "रेवाला सांग, नायला आज खेळायला येणार नाही." दार आपटलं नाही. हळूच लागलं.

जूनमध्ये निनादची बदली झाली आणि केळुसकर ओहायोला गेले. रेवा तिथेही पहिल्या गटात आहे. शलाकानं या दोन वर्षांत मिसेस टॉलिव्हरांना चार पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. फोन लागत नाही.

हॅझलब्रुकमध्ये आपली मराठी घरं बरीच आहेत. तुमचं मूल त्या शाळेत जात असेल, तर एक काम कराल? चौथीच्या वर्गात नायला टॉलिव्हर नावाची मुलगी असेल. तिचे गुण विचारू नका, ते उत्तमच असतील. तिच्याशेजारी दोन मिनिटं बसा, तिला काहीतरी विचारा, आणि थांबा. ती बोलते का, एवढं बघून याल?